देवघेव : राजपुत्र, राक्षस आणि सासूबाई

(आमच्या ताईंची उभी नोकरी कोकणातल्या एका सार्वजनिक वाचनालयात, देवघेवीच्या टेबलामागे गेली. दर महिन्याला त्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. प्रश्न वाचनाचा असावा एवढीच अट. – संपादक)

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की निवृत्तीनंतर मी सगळ्यांत जास्त काय वाचत असेन, तर जादूगार, ड्रॅगन, मायावी किल्ले आणि शापित तलवारी. संपादकांना वाटलं ताईंची गंमत. वाचकांनी मात्र ते मनावर घेतलेलं दिसतंय. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी "मला वाटायचं मी एकटीच" किंवा "मी एकटाच" अशी सुरू होतात. तेव्हा या महिन्यात चरित्रं, आत्मचरित्रं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं बाजूला ठेवू. ज्यांनी ते प्रश्न पाठवलेत त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात बघते.

"ताई, मी पस्तिशीची, सहकारी बँकेत नोकरी करते. मुलं झोपली की तासभर वाचते. सध्या जादूगारांच्या एका मालिकेत बुडालेय. सासूबाई येता-जाता म्हणतात, 'दोन लेकरांची आई झालीस, अजून राक्षसांच्याच गोष्टी?' नवरा हसतो. परवा पाहुण्यांसमोर विषय निघाला, तर मी चक्क सांगितलं की पुस्तक मुलांसाठी आणलंय. मला लाज वाटते, आणि लाज कशाची वाटते तेच कळत नाही." – एक सून, नाशिक

सूनबाई, पाहुण्यांसमोर माणसं याहून मोठ्या थापा मारतात, त्याचं सोडा. उद्या दुपारी चहा घेताना सासूबाईंना सहज विचारा, "आई, लग्नाआधी तुम्ही काय वाचायचात?" त्यांचं वय सत्तरीच्या पुढेमागे धरते. त्या वयाच्या बायका काय वाचायच्या ते मी सांगू शकते, कारण त्यांच्या कार्डांवर शिक्के मीच मारलेत. नाथमाधवांचं 'वीरधवल'. गो. ना. दातारांची 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ती'. गुहा, भुयारं, वेषांतरं, कपटी कारभारी आणि संकटात सापडलेल्या राजकन्या. नंतर आले भयकथा लिहिणारे नारायण धारप. धारपांची पुस्तकं नेणाऱ्या कितीतरी जणी भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली पुस्तक सरकवायच्या आणि वर मला म्हणायच्या, "यांनी मागवलंय हो." म्हणजे तुम्ही जी थाप मारलीत ती घराण्याला नवीन नाही, फक्त तेव्हा नवऱ्याच्या नावावर खपायची, आता मुलांच्या.

आमच्याकडची 'वीरधवल'ची प्रत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मूळ पुठ्ठा कधीच गेलेला, तपकिरी कापडाची बांधणी, कण्यावर पांढऱ्या शाईने घातलेला दाखल क्रमांक. मागच्या तारीखपट्टीवर तारखा मावेनाशा झाल्या की तिच्यावर दुसरी पट्टी डकवायची, मग तिसरी. शेवटी तो भाग पुठ्ठ्याइतका जाड झाला होता. समासात पेन्सिलीने कोणीतरी लिहिलेलं, "हा माणूस फसवणार." त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, "गप्प बसा, वाचू द्या." शेवटची पानं कोणीतरी लंपास केली होती. तेव्हा हायस्कूलमधल्या एका मास्तरांनी दुसऱ्या गावच्या वाचनालयातून प्रत मिळवली, गेलेला मजकूर फुलस्केपवर निळ्या शाईने उतरवला आणि आणून दिला. बाइंडरने तो आत शिवून टाकला. खाली मास्तरांनी लिहिलं होतं, "पुढील वाचकाचा घात होऊ नये म्हणून." गणिताचे मास्तर होते. शाळेत त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं.

आता नवऱ्याला काय सांगायचं? त्यांना पैठणची गोष्ट सांगा. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा मोठा पंडित होता. दुसऱ्या एका पंडिताशी लावलेली पैज तो हरला आणि बोलल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत, देशी, सगळ्या भाषा सोडल्या. रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोकांची कथा रचली. विद्याधर, उडणारी विमानं, शाप, मंत्र, सगळं तिच्यात. रानात शाई कुठली? स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे नेली तर राजाने नाक मुरडलं. भाषा पिशाचांची, लिखाण रक्ताचं, असलं काही आमच्या दरबारात नको. गुणाढ्याने डोंगरावर आग पेटवली आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकायला लागला. रानातली हरणं, डुकरं, रेडे भोवती गोळा झाले आणि चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. इकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस शुष्क येतंय. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांवर ढकललं, शिकाऱ्यांनी खरं कारण सांगितलं. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते.

त्या उरलेल्या कथेवरून पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी 'कथासरित्सागर' रचला. आता ही दंतकथाच आहे, इतिहास म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नका. पण महाराष्ट्राच्या मातीत एक गोष्ट अशी आहे जिच्यात राजा अडाणी ठरतो आणि डुकरं रसिक ठरतात, ती कशाबद्दल आहे? उडणाऱ्या विमानांच्या पुस्तकाला नाक मुरडण्याबद्दल. नवरोबांना कोणत्या बाजूला उभं राहायचंय ते त्यांनी ठरवावं.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक टाइप झेपत नसेल, तर रोज रात्री तुम्ही वाचताय त्यातलं पानभर मोठ्याने वाचून दाखवा. चार दिवसांनी विचारतील, "त्या पोराचं पुढे काय झालं?" तेव्हा सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत ताटकळत ठेवायचं. तेवढा सूड चालतो.

"मी आठवीत आहे. मला जादूच्या गोष्टी खूप आवडतात. पण चांगली पुस्तकं सगळी इंग्रजीत असतात आणि माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीत काय वाचू? आणि इंग्रजी कधी वाचता येईल?" – परभणी जिल्ह्यातून

तुझं अक्षर छान आहे रे. पहिलं काम, तालुक्याच्या वाचनालयात जा आणि बालविभागाची वर्गणी विचार. ती फार नसते. घरातून पैसे मिळत नसतील तर ग्रंथपालांना तसं सांग. आमच्या जमातीतल्या बहुतेकांच्या खिशातून अशा एखाद्या पोराची वर्गणी कधी ना कधी गेलेली असते.

सुरुवात विक्रम-वेताळापासून कर. 'चांदोबा' मासिक 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठीत 1952 पासून यायला लागलं. आता ते बंद पडलंय, पण जुने अंक जुन्या घरांच्या माळ्यावर आणि रद्दीच्या दुकानात अजून सापडतात. त्यातलं विक्रम-वेताळाचं चित्र नीट बघ. शंकर नावाच्या चित्रकाराने ते काढलेलं. राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, भोवती भेसूर झाडं, आणि राजाच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नाही. मी लहानपणी ते चित्र उघडं टाकून झोपत नसे, पुस्तक पालथं करून ठेवायची.

त्या गोष्टींची मेख तुला कळली का? वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. दोन्हीकडून पंचाईत. चांगल्या अद्भुत गोष्टीत असंच असतं. जादू असली तरी तिला नियम असतो आणि तो नियम नायकाला अडचणीत आणतो. ज्या पुस्तकात जादूने काहीही केव्हाही होतं, ते पुस्तक तुला दहाव्या पानावर कंटाळवाणं वाटेल. वाटलं तर ठेवून दे, तुझं काही चुकत नाही.

त्यानंतर अरबी कथा घे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचं मराठी भाषांतर हाती घेतलं होतं. ते मोठ्यांसाठी आहे आणि भाषा जुनी आहे, तेव्हा तू आधी मुलांसाठी केलेली छोटी आवृत्ती वाच. मग हॅरी पॉटर, तो मराठीत आलेला आहे. हिंदी तुला शाळेत आहेच, म्हणून पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' घे. 1888 मधलं पुस्तक आहे आणि अजूनही पळतं. त्यात ऐयार असतात, म्हणजे वेष पालटणारे, झोळीत बेशुद्धीचं औषध घेऊन फिरणारे हेर. आणि तिलिस्म असतं, म्हणजे यंत्रांनी आणि कोड्यांनी भरलेली बंद जागा. त्या काळी लोक म्हणे ती वाचण्यासाठी देवनागरी शिकले. तुला ती आयतीच येते.

आता इंग्रजी. जे पुस्तक मराठीत वाचून पाठ झालंय तेच इंग्रजीत घे. गोष्ट माहीत असली की अडलेला शब्द आपोआप उलगडतो. शब्दकोश शेजारी ठेवायचा, पण वाक्यावाक्याला उघडायचा नाही. शब्दाला पेन्सिलीने बारीक टिंब कर (वाचनालयाचं पुस्तक असेल तर तेही नको, वहीत लिही) आणि पुढे जा. एका पानावर पाच-सहा शब्दांच्या वर अडायला लागलं तर सहा महिन्यांनी पुन्हा बघ.

आणखी एक. तुमच्या शाळेची सहल महाबळेश्वर-पाचगणीला निघाली तर सरांना सांगून भिलारला अर्धा दिवस काढायला लाव. स्ट्रॉबेरीचं गाव आहे. मे 2017 मध्ये सरकारने ते पुस्तकांचं गाव म्हणून उभं केलं. गावातल्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवलेली आहेत, कोणीही आत जाऊन बसावं आणि वाचावं. पैसे पडत नाहीत. पुस्तक बाहेर नेता येत नाही, म्हणून कादंबरी हातात घेऊ नकोस, अर्धवट राहील आणि परतीच्या गाडीत जीव तळमळेल. छोट्या गोष्टी घे.

"रोज डोंबिवली ते सीएसएमटी. माझी आवडती पुस्तकं हजार-हजार पानांची. गर्दीत एका हाताने कडी आणि एका हाताने पुस्तक धरलं की मनगट जातं. मोबाइलवर वाचायला मजा येत नाही." – लोकलकर

बाइंडरकडे जा आणि पुस्तकाचे दोन तुकडे करून घ्या. हो, मीच सांगतेय. साधी कागदी बांधणीची प्रत असेल तर प्रकरण संपतं तिथे कणा कापून दोन्ही भागांना वेगळं कव्हर घालून मिळतं. संग्रही ठेवायची प्रत, पुठ्ठा बांधणीची प्रत किंवा वाचनालयाची प्रत असेल तर या उत्तराशी माझा काहीही संबंध नाही.

तुम्हाला पाप लागेल असं वाटत असेल तर इंग्रजी लेखक टॉल्किनची आठवण काढा. अंगठीची ती महाकथा, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', त्याच्या लेखी एकच सलग पुस्तक होतं. महायुद्धानंतर कागदाची टंचाई आणि छपाईचा खर्च, म्हणून प्रकाशकाने 1954 आणि 1955 मध्ये तिचे तीन खंड करून काढले. प्रकाशकाला चाललं, तर डोंबिवलीपासून उभ्याने प्रवास करणाऱ्याला का चालू नये?

"नातवाच्या आग्रहाखातर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते टॉल्किनचं पुस्तक हातात घेतलं. नावांनी जेरीस आणलं. एकाच माणसाला तीन-तीन नावं, त्याचा बाप, बापाचा बाप, तलवारींनाही नावं. नातू म्हणतो, 'आजोबा, थोडं सहन करा.' किती सहन करू?" – निवृत्त तलाठी, सांगली जिल्हा

तलाठी आणि नावांना घाबरता? आयुष्यभर सात-बारावर वारस लावलेत तुम्ही.

गंमत सोडा, पण एक विचारते. अर्जुनाची नावं किती सांगता येतील? पार्थ, धनंजय, सव्यसाची, गुडाकेश, फाल्गुन. त्याच्या धनुष्याचं नाव? शंखाचं? रथावर बसलेला वानर कोण? जरासंधाचे दोन तुकडे कसे झाले, घटोत्कचाची आई कोण, भीष्माच्या आधी गंगेने किती मुलं बुडवली, हे तुम्हाला कोणी घोकायला लावलं नव्हतं. कीर्तनात, आजीच्या मांडीवर, गणपतीतल्या देखाव्यात हळूहळू कानावर पडत गेलं. टॉल्किनचं अडतं ते एवढ्यासाठीच की ते सगळं एकदम, एका महिन्यात अंगावर येतं. तलवारीला नाव असण्यात तुम्हाला काही विचित्र वाटायला नको, भवानी आपल्याकडे घरोघर माहीत आहे.

दोन उपाय. एक, पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर फेरफार नोंदीसारखी वंशावळ लिहीत जा, तुमचा हात बसलेला आहे. दुसरा उपाय, जिथे लेखक जुन्या राजांचं पुराण लावतो तिथे बेलाशक पुढे सरका. शेवटी परिशिष्टं आहेत, सन-सनावळ्या आहेत, ज्याला हौस आहे त्याने तिथे जावं. नकाशाच्या पानाला मात्र कागदाची चिठ्ठी लावून ठेवा, कारण ही माणसं सतत चालत असतात आणि कुठून कुठे चालली आहेत ते नकाशाशिवाय समजत नाही. मोजणीचे नकाशे वाचलेल्या माणसाला हे पुस्तक माझ्यापेक्षा जास्त आवडेल अशी मला शंका आहे. पहिली शंभर पानं संथ आहेत, वाढदिवसाच्या जेवणावळीतच बराच वेळ जातो. ती पार करा, मग नातवाला तुम्हीच सांगाल की मध्ये बोलू नकोस.

"चौदा भागांची मालिका, आठव्यात अडकलोय. सहा महिने पुढे सरकत नाही. सोडू? दुसरं, एका लेखकाची मालिका अर्धवट आहे, तो पुढचा भाग लिहीतच नाही. वाचायला घेऊ की नको?" – हिंजवडी

चौदा भाग म्हणजे रॉबर्ट जॉर्डनचं कालचक्र, 'द व्हील ऑफ टाइम', असणार. तिथे आठव्याच्या आसपास अडकणारे तुम्ही पहिले नाही. मधल्या खंडांत गोष्ट रेंगाळते, हे त्याचे भक्तसुद्धा मान्य करतात. 1990 मध्ये पहिला भाग आला, लेखक 2007 मध्ये गेला, आणि त्याने ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन भाग लिहून 2013 मध्ये मालिका पुरी केली. त्या शेवटच्या भागांना वेग आहे. माझं मत विचाराल तर आठ ते दहा या भागांचा सारांश कुठेतरी वाचून घ्या आणि अकराव्याला हात घाला. कोणी परीक्षा घेणार नाही.

दुसरी मालिका म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिनची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर', पाचवा भाग 2011 मध्ये येऊन तिथेच थांबलेली. घ्या की वाचायला. जेवढं आहे तेवढं भरपूर आहे. गुणाढ्याचेही सहा लाख श्लोक आपल्याला मिळाले नाहीत, म्हणून उरलेलं कोणी टाकून दिलं नाही. फक्त लेखकाला शिव्या घालत बसू नका. म्हातारा माणूस आहे, त्याच्या गतीने लिहील.

"आमच्या गटात एकजण जुन्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांच्या पीडीएफ टाकतो. धारपसुद्धा. ही पुस्तकं दुकानात पटकन मिळत नाहीत. वाचाव्यात का? कायद्याने काय आहे?" – छत्रपती संभाजीनगर

कायदा सोपा आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. नाथमाधव 1928 मध्ये गेले, तेव्हा त्यांचं लेखन आता कोणीही छापावं, वाटावं, वाचावं. राज्य मराठी विकास संस्थेने बरेच जुने ग्रंथ स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलेत, तिथे आधी शोधा. प्रत स्वच्छ असते आणि पानं उलटीसुलटी नसतात.

धारप 2008 मध्ये गेले. म्हणजे 2068 साल संपेपर्यंत त्यांच्या पुस्तकांवर वारसांचा आणि प्रकाशकाचा हक्क आहे. शिवाय त्यांची पुस्तकं नव्याने छापली जातात, दुकानदाराने "नाही" म्हटलं तर याचा अर्थ बहुतेक वेळा "मागवायचा कंटाळा आला" असा असतो. दुसऱ्या दुकानात विचारा. भाषांतराच्या बाबतीत एक खोच लक्षात ठेवा. मूळ पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीचं असलं तरी परवा झालेलं भाषांतर हे भाषांतरकाराचं असतं, त्याचे साठ वेगळे मोजायचे. या लोकांना पानामागे काय मिळतं ते मला ठाऊक आहे. त्यातलं चोरू नका.

"आमचें घर म्हापशाक, जुनें. पावसांत पुस्तकांक बुरशी येता, कसर लागता. बाबांनी जमवलेले मराठी ग्रंथ आहेत, माझ्या काल्पनिक कादंबऱ्याही आहेत. काय करावे?" – म्हापसा, गोवा

पहिली गोष्ट, कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी पिते आणि मागच्या बाजूने ते पुस्तकांना देते. बाहेरच्या भिंतीऐवजी घराच्या आतल्या भिंतीला कपाट लावता आलं तर अर्धं काम झालं. पुस्तकं दाबून कोंबू नका, मध्ये वारा फिरला पाहिजे. काचेचं कपाट दिवसभर बंद ठेवायची आपल्याला खोड असते, ती सोडा. कोरडा दिवस मिळेल तेव्हा दारं उघडी टाका.

बुरशी आली असेल तर ओलं फडकं मुळीच लावायचं नाही. तसं केलं की ती कागदात मुरते. नाकाला रुमाल बांधा, पुस्तक गच्चीवर किंवा पडवीत न्या, सावलीत उघडं धरा आणि मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटका. कडक उन्हात वाळत टाकू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. उन्हाची तिरीप लागेल अशी सावली पुरे.

कसर ही पुस्तकातल्या खळीवर जगते. म्हणून फाटलेलं पान घरच्या भाताच्या पेस्टने चिकटवणं म्हणजे तिला आमंत्रण. सेलोटेपही नको, काही वर्षांत तो पिवळा होतो, त्याचा गोंद कागदात उतरतो आणि तो काढायला गेलात की अक्षरं निघून येतात. मी अशी पानं पाहिलीत जिथे वाक्याचा मधला भाग टेपला चिकटून गेलेला. जे पुस्तक किडीने धरलंय ते पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. हसू नका, मोठमोठ्या ग्रंथालयांतही गोठवूनच कीड मारतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. घरच्या हवेइतकी होऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. माशांच्या शेजारी ठेवणार असाल तर दोन पिशव्या घाला.

डांबराच्या गोळ्या झोपायच्या खोलीत नकोत, लहान मुलं असतील तर अजिबातच नकोत. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळवून, पुरचुंडीत बांधून. ओला पाला थेट पानांत ठेवला की डाग कायमचा.

आणि पुस्तक पूर्ण भिजलंच तर? 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा नात्यातल्या एका घरची पुस्तकं आम्ही अशीच वाळवली. चिखल लागलेलं पुस्तक बंद ठेवूनच स्वच्छ पाण्यात धरून बाहेरून धुवायचं, उघडायचं नाही. मग पिळायचंही नाही. उभं करून पंखा लावायचा आणि पंधरा-वीस पानांमागे कोरा टिपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. गुळगुळीत चकचकीत पानांची पुस्तकं आधी हातात घ्या, ती वाळताना एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत. हे सगळं एका माणसाने एका दिवसात होत नाही. म्हणून आधीच ठरवून ठेवा की कोणती पुस्तकं पहिली उचलायची. बाबांचे जे ग्रंथ पुन्हा छापले गेले नाहीत, ते पहिले. तुमच्या कादंबऱ्या नंतर, त्या विकत मिळतील. मलाही हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

"एका खोलीच्या घरात पुस्तकं मावत नाहीत. कोणती काढू?" – ठाणे

जी तुम्ही लोकांना दिसावीत म्हणून घेतली होती, ती. ती तुम्हालाच माहीत असतात. काढताना वाचनालयाला "भेट" म्हणून पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि उंदरांनी खाल्लेले दिवाळी अंक पाठवू नयेत ही कळकळीची विनंती. आम्ही आभाराचं पत्र देतो आणि मग ते गठ्ठे रद्दीत घालायला रिक्षा आम्हालाच करावी लागते.

"मैत्रिणीने माझ्या लाडक्या मालिकेचा पहिला भाग नेला. दोन पावसाळे झाले, परत देत नाही. मागायला संकोच वाटतो. काय करू?" – कोल्हापूर

तिने तो वाचलाय का? वाचला नसेल तर सरळ मागा. "नातेवाइकांना हवाय" म्हणा, संकोच गेला. वाचला असेल तर मागूच नका. दुसरा भाग तुमच्याकडेच आहे ना? मग तो बाहेरच्या खोलीत, ती बसते त्या खुर्चीसमोर, कपाटात दर्शनी ठेवा आणि किल्ली कमरेला लावा.